माझे हात बांधले, त्या दिवसाची गोष्ट

एका सिस्टरच्या उजव्या हाताची दोन बोटं मी मोडली. अनामिका आणि करंगळी. त्या वेळी ती माझ्या तोंडातून ओघळलेली लाळ पुसत होती. लोक म्हणतात, "तुमाले काई आठवतच नसंल, मंग तुमचा काय दोष, सर?" पण मला आठवतं. मी बोटं मोडत होतो हे आठवतं, त्यासाठी लावलेला जोर आठवतो. ती बोटं सिस्टरची आहेत, एवढंच तेव्हा मला माहीत नव्हतं.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेत पी.टी.चा मास्तर आहे. वय एक्कावन्न. तरुणपणी गावोगावच्या मैदानांवर कबड्डी खेळलो, नंतर पोरापोरींना शिकवली. सगळे मला सेलोकर सर म्हणतात. घरात मी आणि बायको संध्या. आम्हाला मूल नाही. एका भिंतीपलीकडे धाकटा भाऊ देवानंद आपल्या बायकोसोबत राहतो, धानाची शेती तोच पाहतो. आई-वडील गेल्यावर त्याला मी वाढवलं, त्यामुळे तो भाऊ कमी आणि मुलगा जास्त.

हे लिहितोय ते बऱ्या झालेल्या माणसाची शेखी मिरवायला नाही. आपल्या भागात माणूस श्वासाच्या मशीनवर गेला की घरचे दाराबाहेर बसून मनाशी काय काय रचतात आणि त्यातून काय घडतं, ते आमच्या घरात घडलं. दुसऱ्या कोणाच्या घरात घडू नये म्हणून सांगतो.

खोकला

थंडीचे दिवस होते. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती आणि शाळांचे सामने सुरू झाले होते. अर्धी शाळा शिंकत होती. मला ताप चढला तेव्हा एक इंजेक्शन घेतलं आणि शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर गेलो. संध्या म्हणाली, "आज नका जाऊ जी, डोळे पाहा तुमचे." मी म्हणालो, "पंच नाई गेला तं सामना कसा होईल?" मला फार अभिमान होता माझ्या शरीराचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचो, तरी दम कधी लागला नव्हता.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी अशी भरली की लोखंडी खाट फरशीवर सरकली. संध्यानं दोन गोधड्या टाकल्या आणि वरून स्वतः आडवी पडली. मग खोकला आला. आयुष्यात मी तसा खोकलो नव्हतो. कोणीतरी आत हात घालून पोट उलटं करतंय असं वाटायचं. खोकता खोकता उलटी व्हायची, उलटीनं श्वास अडकायचा, श्वासासाठी तोंड उघडलं की पुन्हा खोकला. चौथ्या दिवशी सकाळी खोकल्याच्या एका उबळीत उजव्या कुशीत कट्‌ असा आवाज आला. माझा मलाच ऐकू आला. मी किंचाळलो. बरगडी मोडली होती, खोकून. त्यानंतरचा प्रत्येक खोकला म्हणजे त्याच जागी लाथ.

देवानंदनं शेजाऱ्याची गाडी आणली. वरठीच्या पुढं माझे ओठ काळे पडले, असं संध्या सांगते. तो एका हातानं गाडी हाकत होता, दुसऱ्या हातानं मागे वळून माझ्या गालावर मारत होता आणि ओरडत होता, "दादा, झोपू नोको! मी सांगून राहिलो तुले, झोपू नोको!"

दोन नावं

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात मला दाखल केलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावल्यावर सिस्टरनं आकडा वाचला नाही, सरळ धावत गेली. त्यावरून मी ओळखलं.

तिथं एक तरुण डॉक्टर होते. मोठे डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, पण चोवीस तास तिथं असायचे ते हेच. सगळे त्यांना छोटे डॉक्टर म्हणत. त्यांनी नाकात काडी घालून नमुना घेतला आणि संध्याकाळी सांगितलं, "इन्फ्लुएन्झा आहे. औषध सुरू केलंय." रक्तात साखरही निघाली. ती कधीपासून होती कोणास ठाऊक. मी कधी तपासलीच नव्हती.

पहिले दोन दिवस मी साध्या वॉर्डात होतो, नाकात ऑक्सिजनची नळी. दोन खाटा सोडून लाखनीची एक म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. मोठी बोलकी. "काहून एवढा खोकतं बाप्पा, पोटातलं सारं बाहेर काढतं का?" असं म्हणायची. मला मास्क लावायला सांगितला होता. गुदमरायला होतं म्हणून मी तो हनुवटीवर ओढून ठेवायचो. हे मुद्दाम लिहितोय.

औषध चालू असूनही मी खालावत गेलो. तिसऱ्या दिवशी मोठी तपासणी केली. अहवाल आला त्या दुपारी छोट्या डॉक्टरांनी संध्या आणि देवानंदला माझ्या खाटेजवळ बोलावलं.

"एक विषाणू नाही, दोन आहेत," ते म्हणाले. "फ्लू आहेच. सोबत आरएसव्ही आहे."

"हे काय असते जी?" संध्यानं विचारलं.

"लहान बाळांना होतो बहुतेक. मोठ्यांना साधी सर्दी होऊन जाते. पण दोन्ही एकाच वेळी, वरून साखर वाढलेली, म्हणून फुफ्फुसं जास्त सुजलीत."

देवानंदच्या कपाळावर आठ्या पडल्या. "परवा तं एकच सांगतला होता तुमी."

"परवा एकाचीच तपासणी केली होती."

"म्हंजे दोन दिवस तुमाले मालूमच नोयतं? अन् औषध कायचं देऊन राहिले होते?"

डॉक्टरांनी समजावलं. आरएसव्हीला मोठ्या माणसासाठी वेगळं औषध फारसं नसतंच, श्वास टिकवून ठेवणं हाच उपचार. ते नीट बोलले, मी ऐकत होतो. पण देवानंदच्या चेहऱ्यावर तेव्हा एक दार बंद झालेलं मला दिसलं. बाहेर जाताना तो संध्याला म्हणाला, "वयनी, यायलेच समजून नाई राहिलं. अंदाजानं चालू हाये."

तो शब्द, अंदाजानं, त्याच्या मनात बसला तो बसलाच.

तोंडावर बांधलेलं वादळ

मला आयसीयूत नेलं आणि चेहऱ्यावर एक घट्ट मुखवटा बांधला. तो मशीनमधून हवा आत ढकलतो. भरधाव गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून पाहा, आणि कोणी तुमचं डोकं आत घेऊ देत नाही अशी कल्पना करा. तसं, दिवसभर. हवा पोटात जायची, पोट फुगायचं. मोडलेली बरगडी प्रत्येक झोताबरोबर कुरकुरायची. नाकाच्या हाडावरची कातडी सोलून निघाली. मी मुखवटा ओढायचो, सिस्टर परत बांधायची. मी तिचा हात झटकायचो, ती परत बांधायची.

या सिस्टरचं आडनाव मडावी. तिशीतली, बारीक चणीची, बोलण्यात तिखट. "सर, पोरायले तुमी शिस्त लावता ना? आता तुमी लावून घ्या," असं म्हणायची. मनगटाच्या धमनीतून रक्त काढायची वेळ आली की आधी सांगायची, "आता दुखन. मोठ्यानं शिवी द्या पाहिजे तं." मी एकदा खरंच दिली. ती म्हणाली, "याच्याहून चांगल्या शिव्या लाखनीच्या आजीले येतात."

रोज सकाळी ओल्या कापडानं अंग पुसायचे, छातीचा एक्स-रे काढायचे, मग मोठे डॉक्टर. चारच्या सुमारास घरचं एक माणूस पाच मिनिटं आत. संध्या यायची आणि माझे तळपाय चोळायची. त्या पाच मिनिटांवर मी बाकीचा दिवस काढायचो.

एका सकाळी माझं शरीर थकलं. श्वास घेणारे स्नायू हरले. पळून पळून पाय गळतात तशी छाती गळाली. छोटे डॉक्टर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, घशात नळी घालावी लागेल. झोपवतो तुम्हाला." बाहेर देवानंद सही करायला तयार नव्हता. "नळी घातली का माणूस परत येत नाई," असं तो सगळ्यांदेखत ओरडत होता. संध्यानं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला आणि सही केली. त्याच्या बायकोनं तिथंच म्हटलं, "काई झालं तं बाईच जबाबदार राहतीन."

हे सगळं मला नंतर कळलं. पुढचे काही दिवस मी नव्हतोच.

मैदान

नळीतून निघणारा कफ हिरवा झाला. दोन विषाणूंनी फुफ्फुसाची आतली कातडी खरवडून ठेवली होती, तिथं आता जिवाणू शिरले. डॉक्टरांनी औषधं बदलली. देवानंदनं हिशोब मांडला: पहिले एक, मग दोन, आता तिसरा. "अजून किती सांगणार हायेत?"

त्याच सुमाराला लाखनीची आजी वारली. तिलाही ताप आणि तोच खोकला लागला होता, ऑपरेशननंतर चार दिवसांनी. बरा झाल्यावर मी छोट्या डॉक्टरांना विचारलं, "माझ्याकडून गेलं का तिला?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. भेटायला येणारे पण खोकत होते." एवढंच. मी हनुवटीवर ओढलेला मास्क मला अजून आठवतो.

नवी औषधं लागू पडली तसं माझं झोपेचं औषध कमी केलं, जाग येते का पाहायला. जाग आली, पण मी दवाखान्यात जागा झालो नाही.

मी मैदानावर होतो. चढाईला गेलो होतो आणि समोरच्यांनी मला धरलं होतं. माझा घसा कोणीतरी आतून दाबून धरला होता. माझ्या पायांवर बसले होते, मनगटं पकडली होती. मधली रेषा मला दिसत होती, पांढरी, हातभर अंतरावर. तिला नुसतं बोट लागलं असतं तरी मी सुटलो असतो. आणि तोंडात काहीतरी कोंबून हे लोक मला मारायला बसले आहेत याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. आजही मी डोळे मिटले तर त्यांचे चेहरे दिसतात, आणि ते चेहरे माणसांचे नाहीत.

मी गुडघा वर मारला. तो वॉर्डबॉयच्या जबड्यावर बसला. एक हात सुटला, त्या हातानं तोंडातलं उपटून काढलं. ती श्वासाची नळी होती. रक्त आणि कफ चादरीवर उडाला. मग एक हात माझ्या चेहऱ्याकडे आला. मी त्याची बोटं पकडली. हाताला तीस वर्षांची सवय होती. मी ती उलटी वळवली आणि जोर लावला, आणि एक बारीक आवाज आला, आणि मला आनंद झाला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण झाला. वाटलं, एक सुटला, आता रेषा.

चार माणसांनी मला दाबलं. छोट्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत नळी परत घातली. नंतर माझी दोन्ही मनगटं कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधली. दुसरा उपाय नव्हता. घरच्यांना बोलावून सांगायला हवं होतं. पण ती सकाळ अशी गेली की ते राहून गेलं. एवढी एक चूक त्यांची झाली, आणि ती छोट्या डॉक्टरांनी नंतर स्वतः कबूल केली.

चार वाजता

त्या दिवशी संध्याऐवजी देवानंद आत आला.

त्याला काय दिसलं ते मी आज समजू शकतो. त्याला वाढवणारा भाऊ खाटेला बांधलेला, ओठ फाटलेला, दाढीवर सुकलेलं रक्त, गळ्यावर ओरखडे, मनगटांवर लाल वळ. विचारलं तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशीनं घाईत सांगितलं, "लय मारामारी झाली सकाळी." कोणी कोणाला मारलं हे त्यानं विचारलं नाही.

तो बाहेर आला. छोटे डॉक्टर टेबलाशी उभ्यानं काहीतरी लिहीत होते. "माह्या भावाले बांधून मारता?" असं म्हणून त्यानं त्यांच्या कानशिलात दिली. ते पडले. उठायला लागले तेव्हा त्यानं लोखंडी स्टूल उचललं. डॉक्टर वाकले म्हणून वाचले. स्टूल काचेच्या दारावर गेलं आणि अख्खं दार खाली आलं. मग त्यानं परत हातानंच मारलं, डॉक्टरांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, भुवई फाटली. रक्त असं आलं की त्यांना दिसेना. बाहेर बसलेले दुसऱ्या पेशंटचे नातेवाईकही "मारा मारा" करत उठले. ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं त्यांनी औषधांची ट्रॉली उलटी केली.

आणि आत, त्याच वेळी, घट्ट कफाचा गोळा माझ्या नळीत अडकला.

मशीन ओरडायला लागलं. एक सिस्टर बाहेर डॉक्टरांच्या डोक्याला कापड दाबून बसली होती. वॉर्डबॉय गर्दी अडवत होता. आत होत्या फक्त मडावी सिस्टर. त्यांच्या दोन बोटांना पट्टी बांधलेली होती, एक्स-रे होऊन आला होता, त्या घरी जायला निघालेल्या होत्या. दुसरी सिस्टर कामावर यायची होती म्हणून थांबल्या होत्या, एवढंच.

संध्या काचा तुडवत आत आली. तिच्या चपलेतून काच टाचेत गेली, ते तिला संध्याकाळी कळलं. तिनं पाहिलं: मी निळा, आणि सिस्टर डाव्या हातानं रबरी फुगा माझ्या नळीला लावताहेत.

"वयनी, इकडं या. हा फुगा दाबा. दोन्ही हातानं."

"मले नाई येत जी..."

"येते. दाबा. सोडा. दाबा. सोडा. मी म्हणन तसं."

सिस्टर डाव्या हातानं नळीत बारीक पाईप घालून कफ ओढत होत्या आणि मोजत होत्या. बाहेर काच फुटत होती, कोणी आईवरून शिव्या देत होतं, आणि आत माझी बायको माझा श्वास हातानं देत होती. दोनदा कफ निघाला नाही. तिसऱ्यांदा आला, चिकट, रक्ताळलेला, बोराएवढा गोळा. छाती उठली. सिस्टर म्हणाल्या, "आता थांबा," आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मग आपल्या मोडलेल्या बोटांकडे पाहून रडल्या. संध्या सांगते, "त्या रडल्या तेव्हा मले समजलं का काई तरी झालं होतं. मावशीनं सांगतलं मंग, हे तुमी केलं म्हून."

जबाब

पोलीस आले. देवानंदचा तळहात काचेनं चिरला होता. त्याला टाके घालायला पहिल्यांदा कोणी तयार होईना, मग मोठ्या डॉक्टरांनी स्वतः घातले. नंतर त्याला नेलं.

संध्याला विचारलं, काय पाहिलं. देवानंदची बायको शेजारी उभी होती, हात जोडून. "बाई, धक्का लागला म्हना. पाय घसरला म्हना." संध्या लंगडत पोलिसासमोर गेली आणि म्हणाली, "भाऊजीनं मारलं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. डॉक्टरनं हात पण नाई उचलला." त्या दिवसापासून भिंतीपलीकडचं घर आमच्याशी बोलेना. मी आयसीयूत असताना संध्यानं तीन आठवडे दवाखाना आणि रिकामं घर एकटीनं सांभाळलं. गावातल्या बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या, नवरा मरून राहिला अन् हिनं दिराले जेलात टाकलं.

मला जाग आली ती हळूहळू. नळी निघाली तेव्हा आवाज नव्हता, नुसती फुसफुस. चमचा उचलता येईना. ज्या हातांनी बोटं मोडली त्यांना भाताचं शीत तोंडापर्यंत नेता येत नव्हतं. पहिला घोट चहा मिळाला, चमच्यानं, कोमट. मी रडलो. मावशी म्हणाली, "गोड कमी हाये म्हून रडता का?" तेव्हा हसूही आलं आणि बरगडी दुखली.

संध्यानं मला सगळं एकदम सांगितलं नाही. थोडं थोडं, माझी नाडी पाहत सांगितलं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी मडावी सिस्टरना भेटायचं म्हणालो. त्या आल्या. आयसीयूतून त्यांना बाहेर नावं लिहायच्या टेबलावर बसवलं होतं. करंगळी वाकडी राहिली होती, सलाईनची सुई धरता येत नव्हती. मी हात जोडले. फुसफुसत म्हणालो, "माफ करा सिस्टर."

त्या म्हणाल्या, "तुमचा राग नाई मले सर. तुमी बेहोश होते." मग म्हणाल्या, "तुमचा भाऊ बेहोश नव्हता."

तुम्ही दाराबाहेर असाल तर

दोन गोष्टी सांगतो, मास्तर म्हणून. मशीनवरच्या माणसाला भास होतात, तो मारतो, चावतो, नळ्या उपटतो. तो वेडा झालेला नसतो आणि दवाखान्यानं त्याला मारलेलंही नसतं. हात का बांधले हे विचारा; उत्तर मिळेपर्यंत विचारा; पण विचारा, हात उचलू नका. आणि डॉक्टरांनी आज एक आणि परवा दुसरं सांगितलं तर ते खोटंच असतं असं नाही. आजारसुद्धा आपलं सगळं पहिल्या दिवशी सांगत नाही.

आणि मास्क नाकावर ठेवा. हनुवटीला सर्दी होत नाही.

कागद

देवानंद जामिनावर सुटून आला. महिनाभर तो भिंतीपलीकडे होता, आला नाही. मग एका सकाळी कागद घेऊन आला. वकिलानं उलट तक्रार लिहून दिली होती: दवाखान्यानं पेशंटला बांधून मारहाण केली. खाली माझी सही हवी होती. माझ्या मनगटांवर अजून काळे डाग होते, त्यांचे फोटोही त्याला काढायचे होते.

"हे त्यायनं नाई केलं," मी म्हणालो.

"मंग कोणं केलं?"

"मीच. मी हात ओढले म्हून झाले. त्या सिस्टरची बोटं पण मीच मोडली."

"दादा, सही कर. नाई तं मी जेलात जातो."

"नाई करत."

त्यानं माझी कॉलर धरली. मी उभा होतो, भिंतीला हात लावून. त्यानं मारलं. जोरात नाही, पण माझ्या पायांत तेव्हा काहीच नव्हतं. मी खाली पडलो आणि खोकला सुटला, तोच जुना, पोट उलटं करणारा. संध्या चुलीपासून धावत आली. देवानंद माझ्याकडे पाहत राहिला, मग गुडघ्यांवर आला आणि माझी पाठ चोळायला लागला, वेड्यासारखी, वरून खाली. "श्वास घे, दादा. श्वास घे ना बे. मी काय करू मंग? तू मरून राहिला होता. मले कोणी काई सांगत नोयतं. मी काय करू?"

संध्यानं त्याला बाजूला लोटलं नाही. पाण्याचा पेला आणून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊजी, घोट घोट पाजा." त्यानं पाजलं. कागद खाली पडला होता, त्यावर पाणी सांडलं. कोणी उचलला नाही.

आठ दिवसांनी माझी तपासणी होती. देवानंदच आम्हाला घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "मी पण येतो आत. बोलतो त्यायच्यासंग." कपडे धुतलेले घातले होते, दाढी केली होती. काय बोलायचं ते त्यानं ठरवून आणलं असावं. ओठ हलत होते.

छोटे डॉक्टर खोलीत एकटे होते. भुवईतून एक पांढरी रेघ गेली होती, तिथं केस उगवले नव्हते. मला पाहून ते हसले, "या सर." मग माझ्या मागं त्यांना देवानंद दिसला. ते खुर्चीतून उठले आणि एक पाऊल मागे गेले. हात आपोआप कपाळाशी गेला. क्षणभरच. लगेच त्यांनी हात खाली घेतला, पण देवानंदनं ते पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याचे ओठ हलायचे थांबले होते. "मी बाहेर थांबतो," एवढं म्हणून तो गेला.

डॉक्टरांनी माझी छाती ऐकली, बराच वेळ, पाठीवरून आणि पुढून. "आवाज चांगला आहे आता," म्हणाले. तेवढा वेळ दार त्यांनी उघडं ठेवायला सांगितलं होतं, आणि बाहेर वॉर्डबॉय उभा होता.

देवानंदनं उलट तक्रार दिली नाही. डॉक्टरांनी आपली मागं घेतलेली नाही. आम्ही तसं विचारलंही नाही. कोर्टाची तारीख असते तेव्हा तो सकाळी डबा घेऊन भंडाऱ्याला जातो. मागच्या वेळी मी चपला घातल्या आणि म्हणालो, "चाल, मी येतो."

"नोको," तो म्हणाला. "मारलं तवा मी एकटाच होतो."